निर्णय यंत्राचा, दाद कुणाकडे?

कृत्रिम बुद्धिमत्तेवरील कायदे आणि नागरिकांचे हक्क या विषयावर गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. यंत्रे माणसांपेक्षा हुशार होतील का, असे विचारणारी पत्रे त्यांत थोडीच होती. आपल्याविषयीचा निर्णय संगणकाने घेतला तर त्याचे कारण कोण सांगणार आणि चुकला असेल तर तो कोण फिरवणार, ही काळजी मात्र पत्रामागून पत्रात दिसली. मला हीच काळजी रास्त वाटते. म्हणून तिच्या अनुषंगाने आलेली पाच पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि तक्रारींत आलेली कार्यालयांची व संस्थांची नावेही वगळली आहेत.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे राहतो. इथल्या बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणाबद्दल सहकाऱ्यांकडून सतत ऐकतो. आमच्या मुलीच्या पाळणाघरासाठी आम्हालाही तो भत्ता मिळतो. युरोपचा एआय कायदा झाल्यामुळे तसा प्रकार पुन्हा होणार नाही, असे समजावे का?
— एक वाचक, आइंडहोवन

उत्तर : आपण राहता त्या शहराचा या प्रकरणाशी जवळचा संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाळणाघराच्या खर्चासाठीचा भत्ता डच सरकार पालकांना आगाऊ देते आणि ते काम तेव्हा करखात्याकडे होते. २०१४ मध्ये आइंडहोवनमधील एका संस्थेमार्फत मुलांच्या सांभाळाची सोय केलेल्या सुमारे ३०० पालकांचे भत्ते एकगठ्ठा थांबवले गेले. संस्थेवर गैरव्यवहाराचा संशय होता, एवढाच आधार होता. पालकांची एकेकाची चौकशी झालेली नव्हती. या पालकांच्या वतीने वकील एव्हा गोन्झालेझ पेरेझ लढल्या. ती संस्था त्यांचे पती चालवत असत. खात्याकडून पूर्ण कागदपत्रे मिळवण्यासाठीच त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. पुढे काही पालकांनी आपल्या स्वतःच्या प्रकरणाची फाइल मागितली, तेव्हा त्यांच्या हाती पानेच्या पाने काळी केलेली प्रत पडली. आपल्यावर आरोप काय आहे, हेच ज्याला वाचता येत नाही, त्याने खुलासा कशाचा करायचा?

याच खात्यात २०१३ पासून अर्जांना जोखमीचे गुण देणारी, जुन्या नोंदींवरून स्वतः शिकणारी एक संगणकीय यंत्रणा वापरात होती. ज्यांचे गुण जास्त, ते अर्ज तपासणीसाठी कर्मचाऱ्याच्या टेबलावर येत. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हा त्या गुणांचा एक निकष होता. हा अर्ज यंत्राने का निवडला, हे कर्मचाऱ्याला मात्र कळत नसे. एखादी सही राहिली किंवा पालकाने स्वतः भरायच्या हिश्श्यात थोडी तूट आली, तरी वर्षभराचा संपूर्ण भत्ता परत मागितला जाई, कारण कायद्याचा अर्थच तसा लावलेला होता. अनेक घरांत ही वसुली दहा हजार युरोंच्या कितीतरी वर गेली. ज्यांच्यावर 'हेतुपुरस्सर केले' असा शिक्का बसला, त्यांना हप्त्यांची सवलतही मिळाली नाही. घरे गेली, संसार मोडले, आणि बाधित कुटुंबांतील हजाराहून अधिक मुले पालकांपासून वेगळी ठेवली गेली. देशातील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठही २०१९ पर्यंत खात्याच्या बाजूनेच निकाल देत राहिले. अखेर डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीने या साऱ्याला 'अभूतपूर्व अन्याय' म्हटले आणि १५ जानेवारी २०२१ रोजी तत्कालीन पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

सगळा दोष यंत्राच्या माथी मारून चालणार नाही. कठोर कायदा संसदेने केला होता, फसवणूक शोधून काढण्याचा आग्रह राजकारण्यांचा होता आणि डोळे मिटून वसुली माणसांनी केली. पण त्या कठोर कायद्याचा घाव आधी कोणावर पडावा, हे ठरवण्यात यंत्राचा हात होता, आणि निवडीमागचे कारण कोणालाच, अगदी कर्मचाऱ्यालाही, सांगता येणार नाही अशी व्यवस्था त्यातून उभी राहिली. माणसाच्या पूर्वग्रहाला संगणकाच्या निःपक्षपातीपणाचे वलय मिळाले की त्याला आव्हान देणे दुप्पट अवघड होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. काही वापरांवर त्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून सरळ बंदी घातली. नागरिकांना वागणुकीवरून सामाजिक गुण देऊन त्या आधारे त्यांना अन्यायाने वागवणे, कामाच्या ठिकाणी व शाळांत माणसांच्या भावना ओळखण्याची यंत्रे लावणे (वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता), इंटरनेटवरून सरसकट चेहरे गोळा करून त्यांचे साठे तयार करणे, हे प्रकार त्यात येतात. बंदी मोडणाऱ्या कंपनीला साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी भत्त्यांची पात्रता ठरवणाऱ्या यंत्रणा या कायद्यात 'उच्च जोखमीच्या' गटात मोडतात. अशी यंत्रणा वापरण्यापूर्वी तिचा मूलभूत हक्कांवर काय परिणाम होईल याचे मूल्यमापन सरकारी संस्थेने केले पाहिजे, तिच्यावर माणसाची खरीखुरी देखरेख असली पाहिजे, आणि बाधित व्यक्तीला निर्णयात यंत्राची भूमिका काय होती याचे स्पष्टीकरण मागता आले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. नेमकी हीच बंधने मूळ वेळापत्रकानुसार ऑगस्ट २०२६ पासून सुरू व्हायची होती आणि ती पुढे ढकलण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला. याचा मला खेद वाटतो, कारण ज्यांच्यासाठी हा कायदा सर्वांत गरजेचा आहे त्यांनाच ताटकळत ठेवण्याचा हा विचार आहे.

म्हणून आपण निर्धास्त राहावे असे मी म्हणणार नाही, पण आपण असहायही नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा युरोपीय नियम २०१८ पासून लागू आहे आणि पूर्णतः स्वयंचलित निर्णयाविरुद्ध त्यात संरक्षण आहे. युरोपीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रियातील एका प्रकरणात असेही स्पष्ट केले की, व्यापारी गुपिताचे नाव सांगून कंपनीला स्पष्टीकरण सरसकट नाकारता येणार नाही. डच सरकारने डिसेंबर २०२२ पासून शासकीय अल्गोरिदमची, म्हणजे सरकारी कामात वापरल्या जाणाऱ्या संगणकीय निर्णयपद्धतींची, सार्वजनिक नोंदवहीही सुरू केली आहे. आपल्या भत्त्याशी संबंधित नोंदी तिथे जरूर पाहा. भत्त्याबाबत काही पत्र आले, तर मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवा आणि आपल्या प्रकरणाची पूर्ण फाइल मागा.

प्रश्न : आमची सॉफ्टवेअर बनवणारी लहान कंपनी आहे. सरकारने आतापासूनच नियम लादले तर आमच्यासारख्यांची वाढ खुंटेल, असे वाटत नाही का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नियम कोणावर आणि कशासाठी, यावर ते अवलंबून आहे. शेतमालाची प्रतवारी करणाऱ्या किंवा हिशेब तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर युरोपातही फारशी बंधने नाहीत. माणसाची नोकरी, शिक्षण, कर्ज, सरकारी लाभ किंवा स्वातंत्र्य जिथे पणाला लागते, तिथे बंधने वाढतात, आणि ती तशीच वाढली पाहिजेत. भारताने तूर्त वेगळा कायदा न करण्याचा मार्ग धरला आहे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांतली सात सूत्रे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या आणि आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य अध्यक्ष असलेल्या समितीच्या अहवालातून आली आहेत. सूत्रे चांगली आहेत. मात्र ती मोडली तर नागरिकाला न्यायालयात हक्काने उभे राहता येईल अशी कायदेशीर ताकद त्यांत नाही. आपल्यासारख्या कंपनीला माझा सल्ला असा की, निर्णय कोणत्या माहितीवरून झाला याची नोंद यंत्रणेत पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर ती घालणे खर्चाचे पडते, आणि ज्या यंत्रणेचा निर्णय उलगडून दाखवता येत नाही ती सरकारी खात्याने विकतच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझे वडील शेतमजूर आहेत. एका सरकारी योजनेच्या यादीतून त्यांचे नाव अचानक गेले. कार्यालयात विचारले तर 'तुमच्या नावावर चारचाकी दाखवते, सिस्टीमनेच काढले आहे, आमच्या हातात काही नाही' असे सांगतात. आमच्याकडे साधी मोटारसायकलही नाही. काय करावे?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : 'आमच्या हातात काही नाही' हे उत्तर कायद्याला मान्य नाही, हे आधी मनाशी पक्के करा. निर्णय कार्यालयाचा असतो; संगणक हे त्याचे साधन आहे, मग ते कितीही प्रगत असो.

आपल्यासारखीच तक्रार शेजारच्या तेलंगणात फार मोठ्या प्रमाणावर झाली आहे. तिथे 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली वाहन नोंदणी, मालमत्ता, वीजजोडणी अशा अनेक खात्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळवून कुटुंबाची पात्रता ताडून पाहते. नावे, पत्ते जुळवताना चुका होणे अटळ आहे, कारण एकाच माणसाचे नाव चार कागदांवर चार प्रकारे लिहिलेले असते आणि एकाच नावाची माणसे गावोगाव असतात. हैदराबादमधील एका रिक्षाचालकाच्या कुटुंबाला मोटारीचे मालक ठरवून धान्य नाकारले गेले. ती मोटार नावात साधर्म्य असलेल्या दुसऱ्याच माणसाची होती. राज्यात लाखो शिधापत्रिका रद्द झाल्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द झालेल्या कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करण्यास सांगितले. घरी जाऊन, दारात गाडी आहे का ते बघण्याचे हे साधे काम नाव कापण्याच्या आधी व्हायला हवे होते.

साध्या सरकारी कारकुनाला बडतर्फ करायचे तरी त्याला आधी आरोप कळवून बाजू मांडायची संधी द्यावी लागते. मग ज्या मजुराच्या घरातले धान्य किंवा पेन्शन बंद होणार आहे, त्याला नोटीस का नको? मनेका गांधी यांचा पासपोर्ट कारण न देता जप्त केला गेला, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगून ठेवले आहे की, हक्क काढून घेण्याची पद्धत न्याय्य, वाजवी असली पाहिजे आणि बाधित व्यक्तीला आपली बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ चा हा अर्थ संगणक आला म्हणून बदलत नाही.

आता प्रत्यक्ष करायच्या गोष्टी. तोंडी विचारणे थांबवा आणि लेखी अर्ज द्या. नाव कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला व कोणत्या नोंदीच्या आधारे वगळले, त्या वाहनाचा नोंदणी क्रमांक काय आणि निर्णय कोणत्या अधिकाऱ्याचा, हे विचारून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. त्याच दिवशी माहिती अधिकाराचाही अर्ज करा. त्या कायद्याच्या कलम ४(१)(घ) मध्ये, प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे हे प्राधिकरणाचे कर्तव्यच सांगितले आहे. हे कलम फार थोडे लोक वापरतात, आपण अर्जात त्याचा उल्लेख करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करता येते. वाहनाचा क्रमांक मिळाला की परिवहन कार्यालयातून ते वडिलांच्या नावावर नसल्याचे लेखी घ्या. लाभ शिधापत्रिकेवरील धान्याचा असेल तर राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर राज्य अन्न आयोगाकडे जाता येते. वकिलाची गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, आणि पात्र व्यक्तींना तिथे मोफत साहाय्य मिळते.

एवढी धावपळ एका शेतमजुराने का करावी, हा प्रश्न आपल्या पत्रात नाही, पण तो विचारलाच पाहिजे. यंत्र बरोबर आहे हे सिद्ध करण्याचा भार यंत्र वापरणाऱ्यावर असावा, ते चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार गरिबावर नसावा, अशी तरतूद आपल्या कायद्यात अजून आलेली नाही. ती यावी यासाठी आपल्या आमदार-खासदारांना पत्रे लिहा.

प्रश्न : पोलीस आता चेहरा ओळखणारी यंत्रणा वापरतात. गुन्हेगार पकडले जात असतील तर सामान्य माणसाने त्याला विरोध का करावा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : गुन्हेगार पकडले जावेत याबद्दल दुमत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलिसी कामासाठी 'मार्व्हल' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी आपल्याच शहरात स्थापन केली, तेव्हा हा प्रश्न आपल्या अगदी दारचा आहे. प्रश्न एवढाच की, यंत्राने दाखवलेले साम्य म्हणजे पुरावा की तपासाची सुरुवात? दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात २०२२ मध्ये दिलेल्या उत्तरानुसार तिथे ८० टक्के साम्य आढळले तर जुळणी झाली असे धरले जाते. हाच आकडा का, याचे कारण कोणत्याही कायद्यात सापडत नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये एका कृष्णवर्णीय माणसाला त्याच्या लहान मुलींच्या देखत घरासमोर अटक केली आणि सुमारे ३० तास कोठडीत ठेवले. दुकानातील घड्याळांच्या चोरीच्या धूसर चित्रीकरणाशी यंत्राने त्याच्या वाहन परवान्याचा फोटो जुळवला होता, आणि चित्रातला माणूस तो नव्हताच. जून २०२४ मधील तडजोडीत, केवळ यंत्राच्या जुळणीवरून कोणाला अटक करणार नाही, असे तिथल्या पोलिसांना मान्य करावे लागले.

चूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हेही लक्षात घ्या. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणालींची जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये तपासणी केली, तेव्हा गोऱ्या पुरुषांबाबत चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळले. आपल्यासारख्या सावळ्या माणसांच्या देशात असे यंत्र आणायचे, तर आपल्याच लोकांवर त्याची आधी स्वतंत्र चाचणी नको का?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आणि त्यात शासनाला ढवळाढवळ करायची असेल तर तिला कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा, असे निकष घातले. गर्दीतल्या प्रत्येकाचा चेहरा न्याहाळणाऱ्या यंत्रणेसाठी खास कायदा आपल्याकडे नाही, म्हणजे पहिल्याच पायरीवर प्रश्न उभा राहतो. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ इथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण राज्याची सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्था या कारणांसाठी शासकीय यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. एक दिलासा मात्र अलीकडचा आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत. 'यंत्राने ओळखले' हे पुरेसे कारण आहे का, याचा कस आता न्यायालयांत लागेल, आणि वकिलांनी तो लावावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मोबाइलवरून कर्जासाठी अर्ज केला आणि दोन मिनिटांत नामंजूर झाला. कारण विचारले तर 'अंतर्गत धोरण' एवढेच उत्तर आले. माझे सर्व हप्ते वेळेवर गेले आहेत.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कर्ज देणे हा बँकेचा अधिकार आहे, पण कारण दडवणे हा नाही. रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहारविषयक सूचनांनुसार, कर्जाची रक्कम कितीही असली तरी अर्ज नामंजूर करण्याची मुख्य कारणे बँकेने लेखी कळवायची असतात. त्या सूचनांचा हवाला देऊन बँकेच्या तक्रार कक्षाला लिहा. सोबत पतमाहिती कंपन्यांकडून, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून, आपले अहवाल मागवा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात दुसऱ्याच कोणाचे थकीत कर्ज आपल्या नावावर दिसत असेल तर दुरुस्तीची मागणी करा. ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद २०२४ पासून लागू आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा पुन्हा 'अंतर्गत धोरण'च सांगितले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि त्यासाठी शुल्क नाही. तक्रारीला नामंजुरीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट, अर्ज केल्याची वेळ आणि बँकेचे उत्तर जोडायला विसरू नका.